लोअर आर्मचे बुश : लक्षणे, निदान आणि बदलण्याची रीत

लोअर आर्मचा बुश हा मोटारगाडीतला सर्वांत अबोल भाग. लोखंडाची एक नळी, तिच्या पोटात आणखी एक बारीक नळी आणि दोहोंच्या मधे भरून चिकटवलेले रबर, एवढीच त्याची घडण. बाहेरची नळी चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट आरपार जातो आणि तिला गाडीच्या सांगाड्याशी जखडतो. चाक खड्ड्यात गेले की आर्म खाली-वर होतो आणि मधले रबर पिळवटते. पिळवटायचे आणि पुन्हा पूर्ववत व्हायचे, यापलीकडे त्याला उद्योग नाही. त्याला तेल लागत नाही, वायर लागत नाही, डॅशबोर्डवर त्याच्या नावाचा दिवा नाही. त्यामुळे असा काही भाग आपल्या गाडीत आहे याचा मालकाला कित्येक वर्षे पत्ताच नसतो. ओळख होते ती तो गेल्यावर, आणि तीही मिस्त्रीच्या तोंडून : "साहेब, बुश गेलाय." मालक गंभीरपणे मान हलवतो. तो होता कुठे, हे विचारायचे राहून जाते.

पूर्वी असे नव्हते. जुन्या गाड्यांत या ठिकाणी धातूचे बुश असत आणि त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मारावे लागे. मालक विसरे, बुश करकरे, मालकाला आठवण होई. म्हणजे बुशाला निदान तक्रार नोंदवण्याची सोय होती. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी गृहस्थाला १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे ते रबर मोटारींच्या सांध्यांत शिरले, ग्रीसची कटकट संपली आणि सस्पेन्शन हा विषयच मालकाच्या डोक्यातून गेला. दुसरी भर अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरने घातली. त्याच्या नावाची स्ट्रट पद्धत १९५० च्या आसपास फोर्डच्या गाड्यांतून रस्त्यावर आली. तिच्यात चाकाचा वरचा आर्म काढून टाकला, शॉकअपलाच वरचा आधार केला आणि खाली एकच आर्म ठेवला. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकाला वर आणि खाली असे आर्म होते. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ला खालचाच तेवढा राहिला. जागा वाचली, वजन वाचले, पैसे वाचले. ब्रेक मारल्यावर चाकाला मागे रेटणारा बहुतेक जोर मात्र खालच्या एकट्यावर आणि त्याच्या बुशांवर आला. निवृत्त झालेल्याची जागा न भरता त्याचे टेबल शेजारच्याला जोडून देण्याची कचेऱ्यांतली पद्धत मॅकफर्सनने पाहिली होती की काय, याचा उल्लेख कुठे आढळत नाही.

बुश झिजण्याच्या कारणांत पहिला मान गतिरोधकाचा. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी अलगद चढून अलगद उतरावी. प्रत्यक्षात जो भेटतो तो सोसायटीच्या सभेत ठराव होऊन एका रात्रीत उगवलेला असतो. रुंदी हातभर, उंची कंत्राटदाराकडे उरलेल्या मालावर अवलंबून आणि आकार झोपलेल्या म्हशीवर डांबर ओतल्यासारखा. त्यावर पांढरे पट्टे मारण्याचा ठराव पुढच्या सभेसाठी राखून ठेवलेला असतो. दुसरे कारण खड्डे. त्यांच्याविषयी महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने काही सांगण्याजोगे नाही. तिसरे कारण इंजिनातून ठिबकणारे तेल. रबर आणि खनिज तेल यांचे हाडवैर आहे. तेल लागलेले रबर फुगते, मऊ पडते आणि चिकट होऊन सुटते. चौथे कारण सर्वांत अन्यायाचे. रबर नुसते वय झाले तरी तडकते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला पुरतात. त्यामुळे जो मालक गाडी जपायची म्हणून आठवड्यातून एकदा भाजी आणायला काढतो आणि उरलेले सहा दिवस तिच्यावर कव्हर घालून ठेवतो, त्याचेही बुश जातात. "अहो, फक्त बावीस हजार चाललीय!" हे तो गॅरेजमध्ये सर्वांना सांगतो. रबराने मीटर वाचलेला नसतो.

लक्षणांपैकी पहिले म्हणजे आवाज. तो 'खट्' असा एकाक्षरी असून गतिरोधकावरून उतरताना किंवा सावकाश ब्रेक मारताना येतो. प्रथम तो फक्त मालकाला ऐकू येतो.

"आवाज आला बघ."

"कसला?"

"खट्."

"नाही बाई आला."

"आत्ता नाही, मघाशी."

या अवस्थेत मालक उपचार घरीच करतो. समोरचा कप्पा रिकामा केला जातो. त्यात टोलच्या पावत्या, एक न चालणारे पेन आणि चष्म्याचे रिकामे घर सापडते. दारातली पाण्याची बाटली हलवली जाते. डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडून, क्षमा मागून, तो खाली पक्का चिकटलेला आहे ना हे पाहिले जाते. शेवटी डिकी उपसतात. स्टेपनीच्या शेजारी गाडीच्या पहिल्या पूजेचा नारळ निघतो. एवढी वर्षे तो तिथेच होता आणि डिकीत उतारावर घरंगळत होता, म्हणजे गुन्हेगार सापडलाच. नारळ वाहत्या पाण्यात सोडण्यात येतो. परतताना नदीच्या पुलावरच्या सांध्यावर 'खट्' होते.

दुसऱ्या अवस्थेत आवाज सर्वांना येऊ लागतो आणि गाडीत बसणारा प्रत्येक जण निदान करतो. मेहुणा म्हणतो शॉकअप. ऑफिसातला सहकारी म्हणतो लिंक रॉड. मागे बसलेले काका, ज्यांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालवले नाही, ते "बेअरिंग असणार" असे ठामपणे सांगून झोपी जातात. मालकाने या काळात रेडिओचा आवाज वाढवलेला असतो आणि हा उपाय पुष्कळ दिवस उत्तम चालतो. तिसरी अवस्था मात्र रेडिओला दाद देत नाही. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, कारण सैल झालेल्या बुशातून आर्म मागे सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा आधी गुळगुळीत होते. ती वाकून पाहावी लागते आणि मालक वाकत नाही, म्हणून हे लक्षण पंक्चरवाल्याच्या हाती लागते. इथून पुढे विषय आवाजाचा न राहता ब्रेकचा होतो, आणि तो पुढे ढकलणे शहाणपणाचे नाही.

निदान गॅरेजमध्ये होते. गाडी गॅरेजच्या दारात शिरताच आवाज बंद होतो, हा नियम आहे. मिस्त्री स्वतः चालवून बघतो. शेजारी मालक बसतो आणि आयुष्यात प्रथमच गाडीतून आवाज यावा अशी प्रार्थना करतो. मिस्त्री परिसरातला सर्वांत वाईट गतिरोधक निवडून त्यावरून गाडी अशी नेतो की मालकाचे डोके छताला लागते. आवाज फक्त मालकाच्या डोक्याचा होतो. "काही नाही साहेब, मक्खन आहे गाडी," असे मिस्त्री म्हणत असतानाच, वळून परत येताना, गॅरेजच्याच उंबऱ्यावर 'खट्' होते. मिस्त्रीचा चेहरा उजळतो.

मग गाडी जॅकवर चढते. मिस्त्री आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमी घालून जोर देतो आणि मोबाइलच्या उजेडात मालकाला बोलावतो. "हे बघा, हलतंय." मालक पांढरा शर्ट सांभाळत गुडघ्यांवर येतो. काहीतरी हलत असते खरे. पण हात-दीड हात लांबीची टॉमी घालून बलदंड माणसाने जोर दिल्यावर हलणार नाही असे गाडीच्या खाली फारसे काही नसते, आणि बुशाचे तर कामच हलण्याचे आहे. पाहायचे असते ते वेगळेच : रबराला आरपार तडा आहे का, रबर नळीपासून सुटले आहे का, आतली नळी मधोमध न राहता एका बाजूला जाऊन लोखंडाला लोखंड टेकते आहे का. यांपैकी काही दिसले तर बुश गेला. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात. त्या पाहून घाबरायचे नसते. मालकाला यातले काही दिसत नाही. दिसते ती चिखलाने माखलेली एक काळी गोष्ट. तो "हं" म्हणतो. हा 'हं' खर्चाला मंजुरी समजला जातो.

बुश मिळवणे हा प्रवासाचा भाग आहे. पुण्यात त्यासाठी नाना पेठेत जावे लागते. तिथे काउंटरवर सहा जण उभे असतात, दुकानदार तिघांशी बोलत असतो आणि चौथ्याचा फोन त्याच्या खांद्यावर असतो.

"बोला."

मालक गाडीचे नाव सांगतो.

"साल?"

साल सांगतो.

"पेट्रोल की डिझेल?"

बुशाला इंधन कशाला लागते, असे मालकाच्या मनात येते. पण प्रश्न रास्त असतो. डिझेल इंजिन जड म्हणून कित्येक गाड्यांत त्याचा बुशही वेगळा येतो.

"जुना टाइप की नवा टाइप?"

"दोघांत फरक काय?"

"नवा जुन्याला बसत नाही."

"मग आमचा कुठला?"

"सँपल आणलंय?"

सँपल गाडीत असते. गाडी जॅकवर असते. जॅक गॅरेजात असतो. मालक मिस्त्रीला फोन लावतो, मिस्त्री फोटो पाठवतो, आणि त्या फोटोत मुख्यतः मिस्त्रीचा अंगठा दिसतो. दुकानदार मात्र तो पाहून "नवा टाइप" म्हणतो. अंगठ्यावरून हे त्याने कसे ओळखले हे व्यापाराचे गुपित आहे. पुढचा प्रश्न ओरिजिनल की लोकल. दोन्ही पुड्यांवर होलोग्राम असतो. लोकलवरचा जास्त चमकतो. काही गाड्यांच्या बाबतीत तर कंपनी सुटा बुश विकतच नाही. बुश हवा तर बुशासकट अख्खा आर्म घ्या. काही शे रुपयांच्या रबरासाठी काही हजारांचे लोखंड घरी येते. तरीही हा सौदा दिसतो तेवढा वाईट नाही, हे पुढे ठोकाठोकी सुरू झाल्यावर पटते. बुशांच्या जगात एक तिसरा पंथही आहे, पॉलियुरेथेनवाल्यांचा. हा माल रबरापेक्षा कडक असतो, टिकतो, वळणावर गाडी घट्ट धरतो, आणि खड्ड्याचा मजकूर जसाच्या तसा मालकाच्या पाठीपर्यंत पोहोचवतो. तो सुचवणारा पुतण्या स्वतः मेट्रोने जातो.

आता काढण्याची रीत. मागच्या चाकांना दगड लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग गाडी उचलावी आणि जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड द्यावेत. विटांवर गाडी ठेवू नये. वीट फुटताना आधी कळवत नाही. चाक काढले की आर्म दिसतो : एका टोकाला बॉल जॉइंट, दुसऱ्या बाजूला पुढचा बुश आणि मागचा, बहुतेक गाड्यांत थोराड, बुश. बोल्ट मोजकेच असतात. सगळे पटापट निघतात, एक सोडून. हा शेवटचा बोल्ट पावसाळ्यागणिक गंजून आपल्या नळीशी एकजीव झालेला असतो आणि नेमका अशा जागी असतो की पाना एका वेळी दोन बोटे फिरतो.

या बोल्टाभोवती माणसे जमतात. गॅरेजमध्ये चहा घेऊन आलेला पोऱ्या थांबतो. शेजारचा वेल्डिंगवाला चष्मा कपाळावर सरकवून येतो. स्कूटरवरून जाणारा एक अनोळखी गृहस्थ स्कूटर बाजूला घेतो.

"डिझेल टाका."

"टाकलंय."

"मग थोडा वेळ ठेवा."

"सकाळपासून ठेवलंय."

"उलटा फिरवताय तुम्ही."

मिस्त्री उत्तर देत नाही. तो पान्याच्या दांड्यात हातभर लांब लोखंडी पाइप घालतो, पाय बंपरला टेकवतो आणि डोळे मिटतो. यानंतर तीनांपैकी एक गोष्ट घडते. बोल्ट सुटतो, पाना घसरतो आणि मिस्त्रीची बोटे सोलतात, किंवा 'टक्' असा कोवळा आवाज होऊन बोल्टाचे डोके हातात येते. या तिसऱ्या प्रसंगी जमलेले सर्व जण एकदम पांगतात आणि स्कूटरवाला सर्वांत आधी निघतो.

बॉल जॉइंट सोडवण्यासाठी वेगळे हत्यार मिळते. बहुतेक गॅरेजांत त्याचे काम हातोडा करतो. खाली आलेला आर्म हातात घेतल्यावर मालकाला प्रथमच आपला बुश स्वच्छ दिसतो आणि तो मिस्त्रीला मनातल्या मनात माफ करतो, कारण रबर खरोखरच चिरून लोंबत असते.

जुना बुश बाहेर काढण्याची शास्त्रोक्त रीत म्हणजे हायड्रॉलिक प्रेस. ती लेथवाल्याकडे असते आणि लेथवाला जेवायला गेलेला असतो. अशास्त्रोक्त रीती दोन. पहिली, रबर जाळणे : काळा धूर, उग्र वास आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचे "अहो, कपडे वाळत घातलेत!" दुसरी, हॅकसॉचे पाते नळीत घालून बाहेरच्या नळीला आतून चीर पाडणे, म्हणजे ती आकसते आणि ठोकून निघते. चीर नळीला पाडायची असते, आर्मला नव्हे. हे करवत चालवणाऱ्याला ठाऊक असते, पाते कुठवर आले आहे हे मात्र दिसत नाही.

नवा बसवण्याआधी जुन्याची दिशा टिपून ठेवावी. मागच्या बुशाच्या रबरात पुष्कळदा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेला तो मऊ आणि दुसरीला कडक राहावा, चाकाला मागेपुढे थोडी सूट मिळावी पण आजूबाजूला मिळू नये, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणून काही बुशांवर बाणही असतो.

"हा बाण कुणीकडे ठेवायचा?"

"जुन्यावर होता तिकडे."

"जुना कुठाय?"

जुना जळलेला असतो.

बसवताना रबराला ग्रीस लावू नये. हाडवैराचा उल्लेख वर आलाच आहे. साबणाचे पाणी चालते. प्रेसखाली बाहेरच्या नळीवर सरळ दाब आला तर बुश लोण्यातून जावा तसा आत जातो. हातोड्याने गेला तर तिरका जातो, आणि तिरका गेलेला बुश पुन्हा काढण्याची रीत वर दिलेलीच आहे.

यानंतर येणारी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. या बुशात काहीही फिरत नाही, घसरत नाही. फक्त रबर पिळवटते. आतली नळी बोल्टने ज्या स्थितीत आवळली जाईल ती स्थिती रबर आपली विश्रांतीची मानते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, की गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि उभी असतानाही पिळलेलेच राहते. मग नवा बुश पुष्कळ लवकर फाटतो आणि मालक लोकल मालाला शिव्या देतो. म्हणून बोल्ट आधी नुसते लावून घ्यावेत आणि अखेरचे आवळणे गाडीचा भार चाकांवर आल्यावर करावे. हे मालकाने आदल्या रात्री एका व्हिडिओत पाहिलेले असते.

"गाडी खाली घेऊन टाईट करा हं."

"खाली घेतली तर हात कुठून घालू साहेब?"

प्रश्नात तथ्य आहे. गाडी खाली आली की तिच्या पोटाखाली पाना जात नाही. पाना जावा तर गाडी वर हवी. यातून वाटा तीन : खड्डा असलेले गॅरेज, चाकांवर गाडी उभी राहील असा रॅम्प, किंवा आर्मच्याच खाली जॅक लावून तो उभ्या गाडीतल्या उंचीपर्यंत उचलणे. मिस्त्री चौथी काढतो. "आजपर्यंत एवढ्या गाड्या केल्या, कुणाची तक्रार नाही." मालक गप्प बसतो. पण इथे त्याने गप्प बसू नये, असे या विषयातल्या कोणत्याही जाणकाराचे मत पडेल. एका जास्तीच्या जॅकने काम होते, आणि मिस्त्रीचा राग बुशाच्या मानाने स्वस्त पडतो.

किती आवळायचे हे मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये छापलेले असते आणि ते मोजायला टॉर्क रेंच लागतो. तो गॅरेजमध्ये असतो, डब्यात, कोरा. रोजच्या वापरातली एकके निराळी : 'टाईट', 'चांगला टाईट' आणि 'फुल टाईट'. त्यापुढच्या एककाला 'आटे गेले' म्हणतात.

दुसऱ्या बाजूचे बुशही याच वेळी बदलावेत. तेही त्याच रस्त्यांवरून आलेले असतात. इथे मालक "चालतंय तोवर चालू द्या" म्हणतो आणि महिन्या-दोन महिन्यांत परत येतो.

अखेर व्हील अलाइनमेंट. आर्म हलवला की चाकांचे कोन जुन्या जागी राहिले असतील याचा भरवसा नसतो. अलाइनमेंटवाला चाकांना यंत्रे टांगतो आणि पडद्यावर टो, कॅम्बर, कॅस्टर असे आकडे लाल आणि हिरवे होऊ लागतात. मालकाला त्यांचा अर्थ लागत नाही, पण लाल वाईट हे त्याला समजते आणि हिरवे झाले की तो स्वतःच काही केल्यासारखा सुखावतो. त्याचा छापील कागद तो समोरच्या कप्प्यात, टोलच्या पावत्यांवर ठेवतो. लहान गाड्यांत अनेकदा फक्त टो जुळवता येतो. बाकीचे आकडे दाखवण्यापुरते असतात. तेवढ्यात अलाइनमेंटवाला टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतो. "साहेब, टायर गेलेत."

बिलात बुशाची ओळ सर्वांत लहान असते. तिच्याखाली मजुरी, प्रेसचे पैसे, तुटलेला बोल्ट, डिझेल आणि 'इतर' असे येते. जुने सामान मालक मागून घेतो. बदलले की नाही याचा तोच पुरावा असतो. जळके रबर आणि चिरलेली नळी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून त्याच्या हाती ठेवली जाते. बोल्ट काही दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावेत असे मिस्त्री सांगतो, मालक "येतो ना" म्हणतो, आणि हा संवाद दोघेही तिथेच विसरतात.

मागच्या सस्पेन्शनचे बुश हा स्वतंत्र विषय आहे. मालकाने खिशातून पाकीट काढले की मिस्त्री फडक्याला हात पुसत तो विषय काढतो.

"पुढचं झालं. आता मागचं एकदा बघून घेऊ?"